पेनाचं टोपण काढण्याआधी

सरकारी वकिलाने राजीनामा देऊन आरोपींची वकीलपत्रं घ्यायला सुरुवात केली की त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "काल ज्यांना आत टाकत होता, त्यांनाच आज सोडवायला निघालात?" लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला तो ऐकावा लागला आहे. उत्तर मी थोडक्यात देतो. वाटेल ते करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. निरपराधाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि आरोपीला निर्दोष ठरवू शकेल असा पुरावा दडवू नये, असं बार कौन्सिलचा नियमच सांगतो. ज्या प्रकरणात मी सरकारतर्फे काम केलं, त्यात आरोपीतर्फे मला कधीही उभं राहता येत नाही, हाही नियमच. बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आर्थिक गुन्ह्यांच्या फायली मी दोन्ही बाजूंनी वाचल्या आहेत. आरोपींच्या यादीतली वरची दोन-तीन नावं वगळली, तर खाली येणारी नावं तुमच्या-आमच्या घरातली असतात. पतसंस्थेचा शाखाधिकारी, रोखपाल, कंपनीचा हिशेबनीस, पिग्मी एजंट, मालकाने संचालक म्हणून दाखवलेला ड्रायव्हर, दिराच्या धंद्यात नावापुरती भागीदार झालेली वहिनी. यांतल्या पुष्कळांनी एक रुपयाही खाल्लेला नसतो. त्यांनी सही केलेली असते. पुढे नोटीस आल्यावर घाबरून आणखी काहीतरी केलेलं असतं, आणि खटला अनेकदा त्या दुसऱ्या गोष्टीवरच उभा राहतो.

सरकारी वकील असताना फाईल हातात आली की मी फिर्याद नंतर वाचत असे. आधी व्हाउचर, कर्जमंजुरीची टिपणं, सभेचं इतिवृत्त काढायचं आणि कोणाकोणाच्या सह्या आहेत ते बघायचं. कारण सरळ आहे. मालकाने केबिनमध्ये बोलावून तोंडी काय सांगितलं, हे न्यायालयात सिद्ध करणं फार कठीण. खालच्या माणसाची सही सिद्ध करणं सोपं. त्यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञ आहे, संगणकातली नोंद आहे, कोणत्या युजर आयडीने किती वाजता एंट्री मारली त्याचा लॉग आहे. तपास अधिकारी कितीही सज्जन असला तरी पुरावा त्याला सहीवाल्याकडेच ओढत नेतो.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून ताळेबंदातले आकडे फुगवल्याची कबुली दिली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने किती जणांना दोषी धरलं, ते फारसं कोणाला आठवत नाही. दहा जणांना. त्यांत राजू होते, त्यांचे दोन भाऊ होते, मुख्य वित्त अधिकारी होते, बाहेरचे दोन लेखापरीक्षक होते. आणि कंपनीच्या वित्त विभागातले खालच्या पायरीचे कर्मचारीही होते. सगळ्यांना सात-सात वर्षं. महिनाभरात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, ही गोष्ट वेगळी. पण खोटी बिलं मालक स्वतः बसून टाइप करत नसतो, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपये काढायची मुभा दिली. एका बांधकाम समूहाची बुडीत कर्जं लपवायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली गेली, असं तपासात पुढे आलं. खटले चालू आहेत, म्हणून दोषी कोण यावर मी बोलणार नाही. मात्र २१ हजार खाती आपोआप तयार होत नाहीत. कोणीतरी नावं भरतं, कोणीतरी तपासल्याची खूण करतं. न्यू इंडिया सहकारी बँकेत २०२५ मध्ये तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपये गायब असल्याची फिर्याद झाली. रोख मोजून बरोबर असल्याची सही हा कुठल्याही बँकेत रोजचा कंटाळवाणा उपचार असतो, आणि मोजल्याशिवाय ती ठोकून देण्याची सवय कुठे-कुठे आहे ते बँकेत काम करणाऱ्या वाचकाला मी सांगायला नको.

"पण मी पैसे घेतलेच नाहीत ना!" हे वाक्य माझ्या कार्यालयात रोज ऐकू येतं. ते खरं असतं, आणि अपुरं असतं. कायद्यात अप्रामाणिकपणाची व्याख्या दुहेरी आहे. स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला गैरफायदा करून देणं किंवा कोणाचं तरी गैर नुकसान करणं, यांतलं काहीही जाणूनबुजून झालं तरी पुरतं. पैसा तुमच्याच खिशात जायला हवा असं नाही. जुन्या दंडसंहितेतलं ४०९ आठवत असेल. बँकर, एजंट, लोकसेवक यांनी केलेला विश्वासघात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१६(५) झालं आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. साध्या फसवणुकीला, म्हणजे जुन्या चारशेवीसला, सात वर्षांपर्यंत. हा फरक पुस्तकी नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक टाळून आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलं आहे. ४०९ लागलं की ते कवच गळून पडतं. पतसंस्थेच्या रोखपालाला पहाटे घरातून उचलतात आणि शहरातला मोठा ठग नोटिसा घेत हिंडतो, त्यामागचं एक कारण हे.

ठेवींच्या योजनांचं तर विचारू नका. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांच्याबरोबरच कारभार सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही जबाबदार धरतो. शिक्षा सहा वर्षांपर्यंत आणि मालमत्तेवर जप्ती. २०२५ च्या जानेवारीत दादरचं टोरेस प्रकरण फुटलं तेव्हा पोलीस ज्यांना सूत्रधार म्हणत होते ते परदेशी नागरिक देशाबाहेर गेलेले होते. पहिल्यांदा हाती लागले ते इथे हजर असलेले. हे असंच होतं. पळायची सोय ज्याच्याकडे असते तो पळतो, आणि ज्याचं घर, रेशनकार्ड, मुलांची शाळा इथे आहे तो सापडतो.

म्हणून पहिली विनंती सहीबद्दलच. नात्यातला किंवा मालक "नुसतं नाव लागतंय" म्हणत कागद पुढे करतो, तेव्हा नाव का लागतंय ते विचारा. स्वतःच्या नावावर घ्यायला तो का कचरतो आहे, हा प्रश्न तोंडावर विचारायला जड जातं. तरी विचारा. संचालक होण्याची संमती तुम्ही दिली की कंपनीची विवरणपत्रं, कर्जाचे करार, चेक यांवर तुमचं नाव येतं. त्याहून वाईट म्हणजे तुमची डिजिटल सही असलेला टोकन बहुतेक वेळा सीएच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये पडून असतो. त्याने काय काय सही झालं, याची तुम्हाला गंधवार्ता नसते. तो टोकन स्वतःच्या घरी ठेवा, पासवर्ड कोणाला देऊ नका. संचालकपद सोडायचं असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे लेखी राजीनामा द्या आणि कंपनीने नोंद केली नाही तर डीआयआर-११ अर्जाने स्वतःच सरकारदरबारी कळवा. व्हॉट्सअॅपवर "मी आजपासून नाही हं" असं लिहिणं म्हणजे राजीनामा नव्हे. आणि राजीनाम्याने आधीच्या काळातली जबाबदारी पुसली जात नाही, हेही समजून असा.

आधारकार्ड आणि पॅनची झेरॉक्स घेऊन एखाद्या मजुराच्या नावावर जीएसटीची फर्म काढायची, तिच्या नावाने माल न देता बिलं फाडायची, हा धंदा आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. खोट्या बिलांनी पाच कोटींवर कर बुडवला गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या मजुराला पाच कोटींत किती शून्यं असतात ते माहीत नसतं. कॉलेजच्या मुलांबाबत माझी काळजी आणखी मोठी आहे. बँक खातं, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असं सगळं चार-पाच हजारांना "भाड्याने" द्यायचं. पुढे त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो आणि दुसऱ्या राज्याचे पोलीस तिसऱ्या महिन्यात दारात उभे राहतात. तपासात असलं खातं म्यूल अकाउंट म्हणून ओळखलं जातं, आणि खातेदार म्हणून आरोपी तुमचा मुलगाच असतो. त्याच्याशी आजच बोला. मुलींशीही.

आता नोकरीत असलेल्यांसाठी. "साहेबांनी सांगितलं म्हणून केलं" हा फौजदारी कायद्यात बचाव नाही. पण साहेबांनी सांगितलं होतं आणि मी हरकत घेतली होती, असा कागद असेल तर चित्र पालटतं. तोंडी हुकूम मिळाला की त्याच दिवशी साधा ईमेल करा. "आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक रकमेची नोंद अमुक खात्यात करायची आहे. आधारभूत कागद मिळालेले नाहीत, कृपया लेखी कळवावे." इतकंच. भांडण नको, आरोप नकोत. निम्म्या वेळा हुकूमच मागे घेतला जातो. उरलेल्या वेळा, पाच वर्षांनी कोणीतरी ती फाईल उघडतं तेव्हा तुमचं नाव आरोपींच्या रकान्यातून साक्षीदारांच्या रकान्यात सरकण्याची शक्यता निर्माण होते. मी सरकारी बाजूला असताना अशा एका-एका ईमेलची वाट बघत असे. ज्याच्याकडे तो असायचा, त्याला आरोपी करण्यात आम्हालाही रस नसायचा. आम्हाला तो साक्षीदार म्हणून हवा असायचा. नोकरी जाईल ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण जामिनासाठी घर गहाण टाकलेली माणसंही मी पाहिली आहेत.

सहकारात ज्यांचा वावर आहे त्यांना कलम ८८ ची चौकशी म्हणजे काय ते ठाऊक असतं. संस्थेचं नुकसान संचालक आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची ती कारवाई. अनेकांना वाटतं की ८८ चालू आहे म्हणजे फौजदारी होणार नाही. चूक. दोन्ही एकत्र चालतात, आणि फौजदारीत फिर्यादी बहुधा लेखापरीक्षकच असतो. चाचणी लेखापरीक्षणात तुम्ही दिलेला खुलासा पुढे फौजदारी फाईलमध्ये जोडलेला दिसतो. तो संस्थेच्या कारकुनाने लिहून आणला आणि तुम्ही उभ्या-उभ्या सही केली, असं करू नका.

मग नोटीस येते.

आधी ती खरी आहे का ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस बसलाय, मागे पोलीस ठाण्याची पाटी आहे आणि तो तुम्हाला घराबाहेर पडू नका, पैसे "सुरक्षित खात्यात" टाका म्हणतो आहे, तर फोन ठेवा आणि १९३० वर कळवा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँक मॅनेजर याला फसले आहेत, ते मूर्ख होते म्हणून नव्हे. कायद्याला घाबरणारी माणसं होती म्हणून.

नोटीस खरी असेल तर ती कोणाची आहे आणि कुठल्या कलमाखाली आहे, हे शोधा. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिसांनी साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्त्रियांना आणि साठीपुढच्यांना राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. आरोपी म्हणून, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस असेल, तर दिलेल्या दिवशी जा. तिचं पालन करत राहाल तोवर, अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक व्हायला नको. न जाणं हेच अटकेला कारण पुरवतं. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेता येत नाही. सही मागितली तर नम्रपणे कायदा दाखवा. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं बंधन नाही, तो संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. गप्प राहण्याचा हक्क आणि खोटं बोलण्याची मुभा यांत मात्र लोक गल्लत करतात. पहिला आहे. दुसरी नाही.

ईडीचं समन्स आलं तर वरचं बरंच काही उलटं होतं. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खाली दिलेल्या जबाबावर तुमची सही असते आणि तो पुरावा म्हणून वापरता येतो. ईडीचे अधिकारी हे पोलीस नव्हेत, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी विजय मदनलाल प्रकरणात दिला. त्याच कायद्यात जामिनाच्या अटीही कडक आहेत. २०२३ च्या पंकज बन्सल निकालापासून ईडीला अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, एवढा एक आधार. जीएसटी आणि कस्टम्सच्या समन्सचे नियम पुन्हा वेगळे. म्हणून शेजाऱ्याच्या भाच्याला पोलिसांनी बोलावलं होतं तेव्हा त्याने काय केलं, हे ऐकून ईडीच्या समन्सला जाऊ नका.

समन्स आणि हजेरी यांच्यामध्ये जे दोन-चार दिवस मिळतात, त्या दिवसांत माणसं स्वतःचं सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. मोबाइल बदलतात. चॅट पुसतात. मागच्या तारखेचा ठराव लिहितात. ज्याच्या नावाने व्हाउचर आहे त्याला फोन करून "तू असं सांग" म्हणतात. पुसलेला चॅट समोरच्याच्या फोनमध्ये असतो. मागच्या तारखेच्या कागदाचा स्टॅम्पपेपर कधी विकला गेला ते मुद्रांक विक्रेत्याच्या वहीत असतं. फायलीचा बदल-दिनांक संगणक सांगतो. पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा सिद्ध करायला सोपा असतो. साक्षीदाराला केलेला फोन तर जामीन रद्द करायला पुरेसा होतो.

अमेरिकेतल्या मार्था स्टुअर्ट या उद्योजिकेचं प्रकरण यासाठीच मी नव्या वकिलांना वाचायला लावतो. २००१ च्या डिसेंबरात तिने एका कंपनीचे शेअर विकून साधारण ४५ हजार डॉलरचा तोटा वाचवला. तिच्या संपत्तीपुढे ही चिल्लर. २००४ मध्ये तिला शिक्षा झाली ती शेअरविक्रीसाठी नाही. शेअर-फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. शिक्षा झाली ती तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल, पाच महिने. तिचा बचाव करणारे रॉबर्ट मॉरव्हिलो पूर्वी सरकारी वकील होते. तिकडे ही वाट चांगलीच मळलेली आहे. तिथे नोकरी-धंदा करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. संघीय तपास अधिकाऱ्याला, शपथ न घेता, दारात उभ्या-उभ्या दिलेलं खोटं उत्तरही तिथे पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. "वकिलाशी बोलून सांगतो" म्हणणं हा गुन्हा नाही.

वकिलाबद्दल बोलायला हवं, कारण इथे मी ज्या पेशात आहे त्याच्याविरुद्धच थोडं बोलणार आहे. कंपनीवर धाड पडली की कंपनी सांगते, "घाबरू नका, आमचे वकील सगळ्यांचं बघतील." फी कंपनी भरते, मोठं नाव असतं, बरं वाटतं. पण तुमचं आणि कंपनीचं हित एक असेलच असं नाही. एका टप्प्यावर कंपनीच्या सोयीचा बचाव हाच असतो की "हे सगळं खालच्या कर्मचाऱ्याने परस्पर केलं." तो दिवस उजाडतो तेव्हा तुमचा वकील म्हणून तुम्ही ज्याच्याकडे बघत असता तो कंपनीचा वकील असतो, आणि तुम्ही विश्वासाने त्याला सगळं सांगून बसलेले असता. तुमचा वकील वेगळा हवा. लहान असला तरी चालेल, नवखा असला तरी चालेल, फक्त तुमचा हवा. पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

वकील निवडताना "तपास अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत, काम होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या जिन्यावरूनच परत फिरा. माझ्याकडेही लोक याच अपेक्षेने येतात. पूर्वी सरकारी बाजूला होते, तेव्हा आत वट असणार. वट नाही. आत असताना फाईल कशी बांधली जाते ते मी शिकलो, कुठला दुवा कच्चा राहतो ते कळतं, आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नाही ते कळतं. त्याहून जास्त कोणी विकत असेल तर तो लाचेच्या दुसऱ्या गुन्ह्यात तुम्हाला ओढतो आहे.

आणि वकिलाशी खोटं बोलू नका. अशिलाने वकिलाला सांगितलेलं उघड करायला कायदा मनाई करतो. साक्ष अधिनियमात ते आता कलम १३२ आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना वकिलांनाच समन्स काढण्यापासून रोखून ते आणखी पक्कं केलं. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागाल तर हे संरक्षण नाही. घडून गेलेल्या गोष्टीसाठी आहे. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण पहिल्या भेटीत निम्मं सांगतात. राहिलेलं निम्मं मला आरोपपत्रात वाचायला मिळतं, आणि तोवर मी जामिनाच्या अर्जात भलतंच लिहून दिलेलं असतं. डॉक्टरला दुखतं ती जागा दाखवायला लाजणाऱ्या रोग्यासारखं हे आहे.

पैसे परत करण्याविषयी दोन शब्द. घाबरलेलं कुटुंब दागिने मोडून फिर्यादीच्या हातात रोख ठेवतं, पोलीस ठाण्याच्या आवारात, पावतीशिवाय. करू नका. फेडायचं असेल तर वकिलामार्फत, बँकेतून, शक्य तर न्यायालयात जमा करून. साधी फसवणूक न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटू शकते. ३१६(५) मिटत नाही, आणि शेकडो ठेवीदार असले की उच्च न्यायालयही गुन्हा सहजासहजी रद्द करत नाही. पैसे दिले म्हणजे सुटलो, असं समजून पुढच्या तारखेला गैरहजर राहिलेल्यावर पकड वॉरंट निघालेलं मी पाहिलं आहे.

माफीचा साक्षीदार व्हायचा प्रस्ताव आला तर तो लगेच झिडकारू नका, लगेच स्वीकारूही नका. माफी न्यायालय देतं, पोलीस नाही. सगळं खरं आणि संपूर्ण सांगण्याच्या अटीवर देतं. काही लपवलंत तर माफी जाते आणि तुम्ही पुन्हा आरोपी होता. ठाण्यातल्या चहाबरोबर दिलेल्या "तुला सोडून देऊ" या शब्दाला काडीची किंमत नाही.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. कपाट उघडा. तुमच्या नावावर किती बँक खाती आहेत, किती सिम आहेत, कोणाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला आहात, कुठल्या कंपनीत, ट्रस्टमध्ये, पतसंस्थेत तुमचं नाव लागलं आहे, याची यादी करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकाचं नाव तपासता येतं, संचार साथीवर तुमच्या नावाची सिम दिसतात. घरातल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्या आई-वडिलांच्या नावांचीही अशीच यादी करा, कारण नावं सर्वांत जास्त त्यांचीच वापरली जातात. जिथे तुमचा संबंध नाही तिथून लेखी बाहेर पडा आणि पोच घ्या. जिथे संबंध आहे तिथे पुढच्या सभेला जा, ताळेबंद मागा, आणि समजेपर्यंत सही करू नका.